तीन टक्क्यांची गोष्ट: पृथ्वीजवळून जाणाऱ्या लघुग्रहांचा माग कसा काढतात

२०२५ च्या फेब्रुवारीत मुंबईचं नाव एका वेगळ्याच यादीत आलं होतं. बोगोटा, लागोस, खार्टूम, मुंबई, कोलकाता, ढाका. ‘२०२४ वायआर४’ नावाचा लघुग्रह २२ डिसेंबर २०३२ रोजी पृथ्वीवर आदळलाच, तर कुठे आदळेल याचा एक अरुंद पट्टा शास्त्रज्ञांनी काढला होता. तो पूर्व प्रशांत महासागरातून निघून दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका आणि अरबी समुद्र ओलांडत दक्षिण आशियापर्यंत येत होता. ही शहरं त्या पट्ट्यात किंवा त्याच्या काठाशी होती.

जानेवारी संपताना आदळण्याची शक्यता १ टक्क्याच्या वर गेली. मग ती २ च्या वर गेली आणि १८ फेब्रुवारीला ३.१ टक्के झाली. इतक्या मोठ्या दगडासाठी इतका मोठा आकडा त्याआधी कधीच नोंदला गेला नव्हता. आकडा दर चार दिवसांनी वाढतोय, म्हणजे दगड आपल्याच रोखानं येतोय, असं कुणालाही वाटलं असतं. पण पुढच्या सहाच दिवसांत तो आकडा ०.००४ टक्क्यांवर आला आणि विषय बातम्यांतून नाहीसा झाला.

त्या चढत्या आकड्याबद्दल मला लिहायचं आहे. तो चढत होता त्या दिवसांत दगडाचा रस्ता तसूभरही बदललेला नव्हता. मग चढत काय होतं? हे कळायचं तर असा दगड सापडतो कसा, इथून सुरुवात करावी लागेल.

चांगल्या दुर्बिणीतूनही लघुग्रह दिसतो तो एक ठिपका म्हणून. आकार नाही, खड्डे नाहीत, काही नाही. शेजारच्या हजारो ताऱ्यांसारखाच एक ठिपका. त्याला ओळखायची खूण एकच, ती म्हणजे तो जागा बदलतो. म्हणून आकाशाच्या एकाच तुकड्याचे थोड्या थोड्या वेळानं तीन-चार फोटो काढतात. तारे चारही फोटोंत जागच्या जागी असतात आणि एखादाच ठिपका प्रत्येक फोटोत जरासा पुढे सरकलेला असतो. संगणक रात्रभर हेच शोधत असतो. वायआर४ सापडला तो ‘ॲटलास’ नावाच्या दुर्बिणींच्या जाळ्यातल्या चिलीमधल्या रिओ हुर्ताडो इथल्या दुर्बिणीला, २७ डिसेंबर २०२४ रोजी. तिचा आरसा जेमतेम अर्धा मीटर व्यासाचा आहे. पण ती एका नजरेत आकाशाचा फार मोठा तुकडा पाहते, आणि या कामात तेच महत्त्वाचं.

दोनच दिवसांपूर्वी, नाताळच्या दिवशी, हा दगड पृथ्वीपासून सुमारे ८ लाख ३० हजार किलोमीटरवरून निघून गेला होता. चंद्राच्या अंतराच्या दुपटीहून थोडं जास्त. म्हणजे आपल्याला तो जाताना पाठमोरा दिसला.

त्याचं ते चमत्कारिक नावही वाचता येतं. २०२४ हे सापडल्याचं वर्ष. प्रत्येक महिन्याचे दोन अर्ध धरून वर्षाला चोवीस इंग्रजी अक्षरं वाटून दिली आहेत, त्यात ‘वाय’ म्हणजे डिसेंबरचा दुसरा पंधरवडा. ‘आर४’ हा त्या पंधरवड्यातला क्रमांक. पंचवीस अक्षरांच्या चार फेऱ्या झाल्या, म्हणजे शंभर, आणि पाचव्या फेरीत ‘आर’ सतरावा. म्हणून हा त्या पंधरवड्यातला ११७ वा. नाव कोरडं आहे, पण अशा शोधांची वर्दळ किती असते ते त्यातून कळतं.

ठिपका सरकताना दिसला की त्या नोंदी अमेरिकेतल्या केंब्रिज इथल्या ‘मायनर प्लॅनेट सेंटर’कडे जातात. जगभरातल्या लघुग्रहांच्या आणि धूमकेतूंच्या नोंदी तिथे जमा होतात. नव्या ठिपक्याची माहिती तिथून लगेच सगळ्यांसाठी खुली होते. मग कुठे रात्र आहे, कुठे आकाश निरभ्र आहे त्याप्रमाणे वेगवेगळ्या देशांतले निरीक्षक त्याच्यामागे लागतात. यात मोठ्या वेधशाळा आहेत, तसे स्वतःच्या दुर्बिणीनं काम करणारे हौशी लोकही आहेत. मला या सगळ्या व्यवस्थेतली ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. इथे कुणी आपली नोंद दडवून ठेवत नाही.

आता अवघड भाग. फोटोत ठिपक्याची दिशा कळते, अंतर कळत नाही. जवळचा संथ दगड आणि लांबचा वेगवान दगड फोटोत सारखेच सरकताना दिसू शकतात. पण दगड सूर्याभोवती गुरुत्वाकर्षणाच्या नियमानं फिरतोय हे आपल्याला माहीत असतं, पृथ्वी कुठे होती हेही माहीत असतं. वेगवेगळ्या वेळच्या तीन दिशा हाती असतील, तर त्यांच्याशी जुळणारी कक्षा काढता येते. १८०१ मध्ये हे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर कसाला लागलं. इटलीतले खगोलशास्त्रज्ञ पिआझी यांना १ जानेवारीला सेरेस हा पहिला लघुग्रह सापडला. पुढे काही आठवडे त्यांनी तो पाहिला आणि मग तो सूर्याच्या बाजूला जाऊन दिसेनासा झाला. चोवीस वर्षांच्या गाउस या जर्मन गणितज्ञानं तेवढ्या नोंदींवरून हिशेब मांडून तो पुन्हा कुठे दिसेल ते सांगितलं, आणि वर्षाच्या अखेरच्या दिवशी सेरेस त्या जागेजवळ सापडला. आज संगणक जे करतात त्याचं मूळ या हिशेबात आहे.

पण थोड्याच दिवसांच्या नोंदींवरून काढलेली कक्षा म्हणजे सीमारेषेवरच्या फिल्डरनं, बॅटवरून चेंडू उडाल्यावर पहिला वीतभर प्रवास पाहून डोळे मिटून घेण्यासारखं आहे. चेंडू साधारण कुठे जाईल ते सांगता येईल, नेमका कुठे पडेल ते नाही. लघुग्रहाच्या बाबतीत ही चूक एका विशिष्ट रीतीनं वाढते. दगडाच्या रुळाबद्दल आपण फारसे चुकत नाही, त्या रुळावर तो किती वाजता पोचेल याबद्दल चुकतो. वायआर४ ला सूर्याभोवती एका फेरीसाठी सुमारे चार वर्षं लागतात. २०२४ पासून २०३२ पर्यंत दोन फेऱ्या झाल्या. समजा, त्याच्या वेगाच्या अंदाजात सेकंदाला फक्त एक सेंटिमीटरची चूक आहे. मुंगीची चाल. साधा गुणाकार केला तरी आठ वर्षांत ती अडीच हजार किलोमीटर होते, आणि सूर्याच्या कक्षेत प्रत्यक्षात त्याहून जास्तच.

दुसऱ्या बाजूला पृथ्वीही थांबून नाही. ती सेकंदाला जवळजवळ ३० किलोमीटर वेगानं धावते आणि तिचा व्यास आहे १२,७४२ किलोमीटर. म्हणजे स्वतःच्या रुंदीएवढं अंतर पार करायला तिला फक्त सात मिनिटं लागतात. दगड आणि पृथ्वी यांचे रस्ते एकमेकांना छेदत असले, तरी चौकात दोघांना एकाच वेळी यावं लागतं. आठ वर्षांनंतरच्या सात मिनिटांचा हा प्रश्न आहे.

म्हणून शास्त्रज्ञ एक कक्षा सांगत नाहीत. आतापर्यंतच्या नोंदींशी जुळणाऱ्या असंख्य कक्षा घेतात, प्रत्येक संगणकावर पुढे चालवून बघतात आणि त्या दिवशी दगड कुठे कुठे असू शकेल याचा एक पट्टा काढतात. हा पट्टा लांबच लांब आणि बारीक असतो, सुतासारखा. पृथ्वी त्या सुतावर आली, तर त्यातला जितका भाग ती व्यापते तितकी आदळण्याची शक्यता. समजा सूत १२ लाख किलोमीटर लांब आहे, तर पृथ्वीचा वाटा ढोबळमानानं एक टक्का. आणखी रात्री निरीक्षणं झाली, चुकीच्या कक्षा गळाल्या आणि सूत ४ लाख किलोमीटरवर आलं. पृथ्वी अजून त्यावर असेल, तर वाटा झाला तीन टक्के. दगड जवळ आलेला नाही, पृथ्वी मोठी झालेली नाही, सूत आखूड झालं आहे.

घरातलं उदाहरण घेऊ. आईच्या कुडीची फिरकी हरवली आहे. घरात स्वयंपाकघर, बाहेरची खोली, झोपायची खोली, गॅलरी आणि मोरी. धास्ती मोरीची, तिथे पडली असेल तर गेलीच वाहून. सुरुवातीला पाच जागांतली एक, म्हणजे मोरीची शक्यता २० टक्के. स्वयंपाकघर झाडून काढलं, नाही मिळाली. आता चारांतली एक, २५ टक्के. बाहेरची खोली झाली, नाही. ३३ टक्के. गॅलरी पाहिली, नाही. ५० टक्के. शोधणाऱ्याचा जीव खालीवर होतोय, पण फिरकी पहिल्यापासून जिथे आहे तिथेच आहे, ती काही मोरीकडे सरकत नाही. मग गादी झटकली आणि फिरकी उशीच्या अभ्र्यातून खाली पडली. मोरीची शक्यता ५० वरून एका क्षणात शून्य.

वायआर४ च्या गोष्टीत पृथ्वी म्हणजे ती मोरी. १२ फेब्रुवारीला माघी पौर्णिमा होती, त्या चार-सहा रात्री चांदण्यात असले मिणमिणते ठिपके नीट मोजता येत नाहीत. चंद्र सरल्यावर नव्या नोंदी आल्या. आधी आकडा थोडा वर गेला, आणि मग सूत इतकं आखूड झालं की त्याचं टोक पृथ्वीला सोडून बाजूला गेलं. १९ तारखेला १.५ टक्के, पुढच्या एक-दोन दिवसांत ०.२८, आणि २४ ला जवळपास काहीच नाही. आधी चढणं आणि मग कोसळणं हीच या आकड्यांची नेहमीची चाल आहे. आदळणार नसलेल्या दगडाचा आकडाही असाच चढतो, सूत आखूड होताना पृथ्वी त्यावरून निसटेपर्यंत.

मग तो आकडा जाहीर तरी कशाला करायचा, असा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला. माझ्या मते जाहीर करणंच योग्य होतं. तीन टक्के म्हणजे शून्य नव्हे. शंभरातल्या तीन वेळा ते सूत पृथ्वीवरच आखूड होत गेलं असतं आणि आकडा शंभराकडे गेला असता. दहा मीटरपेक्षा मोठ्या दगडाची शक्यता एक टक्क्याच्या वर गेली की संयुक्त राष्ट्रांच्या पाठिंब्यानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय इशारा-जाळ्यानं सगळ्यांना सूचना द्यायची, असं आधीच ठरलेलं आहे. तशी सूचना जानेवारीअखेर गेलीही. खटकण्यासारखं एवढंच की बातम्यांत आकडा आला, पण आकडा कसा चालतो ते फार थोड्या ठिकाणी आलं.

आकाराचा घोळ वेगळाच असतो. ठिपक्यावरून फक्त तेज कळतं. कोळशासारखा काळा मोठा दगड आणि फिकट रंगाचा लहान दगड सारखेच चमकतात. म्हणून वायआर४ चा आकार आधी ४० ते ९० मीटर असा सैल सांगितला जात होता. यावर उपाय म्हणजे त्याची उष्णता पाहणं. काळा दगड उन्हात जास्त तापतो आणि ती धग अवरक्त किरणांत दिसते. जेम्स वेब दुर्बिणीनं मार्च २०२५ मध्ये तसं पाहून आकार साठ मीटरच्या आसपास ठरवला. आपल्याकडच्या पंधरा-वीस मजली इमारतीएवढा. सैबेरियात तुंगुस्का इथे ३० जून १९०८ रोजी हवेत फुटलेला आणि दोन हजार चौरस किलोमीटरवरचं जंगल आडवं करणारा दगड साधारण याच मापाचा होता असं मानतात.

आता या सगळ्या व्यवस्थेची सर्वांत मोठी उणीव. दुर्बिणी रात्री बघतात. जो दगड सूर्याच्या बाजूनं येतो तो त्यांना दिसत नाही. १५ फेब्रुवारी २०१३ ला शास्त्रज्ञ एका आधीच माहीत असलेल्या लघुग्रहाची वाट पाहत होते. तो पृथ्वीपासून सुमारे २७,७०० किलोमीटरवरून ठरल्याप्रमाणे गेलाही. पण त्याच दिवशी सकाळी, त्याच्याशी काही संबंध नसलेला, वीसेक मीटरचा दुसरा दगड सूर्याच्या दिशेनं आला आणि रशियात चेल्याबिन्स्कच्या आकाशात फुटला. कुणालाही आधी कल्पना नव्हती. सुमारे दीड हजार माणसं जखमी झाली, बहुतेक फुटलेल्या काचांनी. आधी डोळे दिपवणारा प्रकाश आला, काय झालं ते पाहायला लोक खिडक्यांशी गेले, आणि मिनिटभरापेक्षा जास्त वेळानं हवेचा धक्का पोचला. प्रकाश वेगानं येतो, धक्का आवाजाच्या चालीनं मागून येतो. आकाशात असा लखलखाट कधी दिसलाच, तर खिडकीपासून लांब जायचं आणि पाच मिनिटं तिकडे फिरकायचं नाही. या लेखातली एवढी एकच गोष्ट लक्षात राहिली तरी चालेल.

याच्या उलट एक गोष्ट मला फार आवडते. ६ ऑक्टोबर २००८ ला ॲरिझोनातल्या कॅटलिना सर्वेक्षणाच्या दुर्बिणीला चारेक मीटरचा एक दगड दिसला. तो दुसऱ्याच दिवशी सुदानच्या वाळवंटावर पडणार हे काही तासांत कळलं. आदळण्याआधी अवकाशात सापडलेला हा पहिला लघुग्रह, आणि तो सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या जागी आला. नंतर खार्टूम विद्यापीठाचे प्राध्यापक आणि विद्यार्थी रांगा करून वाळवंटात चालले आणि त्यांनी त्याचे शेकडो तुकडे वेचले. कालपर्यंत आकाशात ठिपका म्हणून पाहिलेला दगड हातात धरण्याची माणसाची ती पहिलीच वेळ. त्यानंतर आजवर आणखी दहाएक लहान दगड असे आदळण्याच्या काही तास आधी सापडले आहेत.

आपल्याकडचीही माणसं यात आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये मोटारीएवढा एक दगड, ‘२०२० क्यूजी’, हिंद महासागरावरून फक्त २,९५० किलोमीटर उंचीनं गेला. काश्मीर ते कन्याकुमारी अंतरापेक्षाही कमी. कॅलिफोर्नियातल्या पालोमार इथल्या दुर्बिणीच्या फोटोत तो एका रेघेसारखा उमटला होता. इतका जवळचा दगड इतक्या वेगानं सरकतो की त्याचा ठिपका राहत नाही, रेघ होते. अशा रेघा संगणक वेगळ्या काढतो, पण त्यात कृत्रिम उपग्रहांच्या रेघाही असतात, त्यामुळे शेवटची निवड माणसाला करावी लागते. ती रेघ ओळखली आयआयटी मुंबईच्या विद्यार्थ्यांनी. लडाखमध्ये हानले इथे आयआयटी मुंबई आणि भारतीय ताराभौतिकी संस्थेची ७० सेंटिमीटरची दुर्बीणही असल्या दगडांचा पाठपुरावा करते. ज्या महाराष्ट्रात बेसॉल्टच्या कातळात जवळजवळ दोन किलोमीटरचं लोणारचं विवर आहे, तिथली मुलं या कामात असावीत हे मला मनापासून आवडतं.

धूमकेतूंचं, आपल्या जुन्या भाषेतल्या शेंडेनक्षत्रांचं, गणित आणखी अडतं. लघुग्रह कोरडा दगड, धूमकेतू बर्फ आणि धुळीचा गोळा. सूर्याजवळ आला की त्याच्यातून वायूचे झोत सुटतात आणि ते त्याला इकडे तिकडे ढकलतात. नुसत्या गुरुत्वाकर्षणानं काढलेला हिशेब मग चुकतो. शिवाय फार लांबून येणारे धूमकेतू आयत्या वेळी दिसतात. ह्याकुताके हा धूमकेतू जानेवारी १९९६ च्या अखेरीस सापडला आणि २५ मार्चला दीड कोटी किलोमीटरवरून गेलाही. दोन महिनेसुद्धा मिळाले नाहीत. सुदैवानं पृथ्वीजवळ येणाऱ्यांत धूमकेतू फार थोडे असतात.

लघुग्रह मात्र पुष्कळ आहेत. पृथ्वीच्या कक्षेजवळ येणारे ४० हजारांपेक्षा जास्त २०२५ पर्यंत नोंदले गेले. एक किलोमीटरपेक्षा मोठे, म्हणजे जगभर परिणाम करू शकणारे, बहुतेक सगळे सापडले आहेत आणि त्यातला कुठलाही येत्या शंभर वर्षांत आदळणार नाही. १४० मीटरपेक्षा मोठे अंदाजे २५ हजार असावेत, त्यातले निम्मेही अजून सापडलेले नाहीत. अमेरिकी संसदेनं २०२० पर्यंत त्यातले ९० टक्के शोधायचं ठरवलं होतं. ते जमलं नाही, आणि याची जितकी खंत व्हायला हवी तितकी कुणाला होत नाही. चिलीतल्या नव्या रुबिन वेधशाळेनं सुरुवातीच्या दहाएक तासांच्या निरीक्षणांत दोन हजारांवर नवे लघुग्रह दाखवले. सूर्याच्या अधिक जवळच्या दिशेला अवरक्त किरणांत पाहणारी ‘निओ सर्व्हेयर’ ही अवकाश-दुर्बीण नासा तयार करत आहे. चेल्याबिन्स्कची वाट थोडीफार तिच्या नजरेत येईल.

लवकर सापडण्याला इतकं महत्त्व का, तर मघाच्याच गुणाकारामुळे. सेकंदाला एक सेंटिमीटरची चूक जशी वर्षानुवर्षं वाढते, तसा सेकंदाला एक सेंटिमीटरचा धक्काही वाढतो. वीस वर्षं आधी दिला, तर साध्या हिशेबानंही दगड सहा हजार किलोमीटर सरकतो, म्हणजे जवळजवळ पृथ्वीच्या त्रिज्येइतका. सप्टेंबर २०२२ मध्ये नासाच्या डार्ट यानानं डायमॉर्फस या चिमुकल्या लघुग्रहावर आदळून त्याच्या मोठ्या जोडीदार लघुग्रहाभोवतीची सुमारे बारा तासांची प्रदक्षिणा ३३ मिनिटांनी कमी केली. धक्का देता येतो हे कळलं. पण तो द्यायला वर्षं हाताशी लागतात.

आता अपोफिसकडे. साडेतीनशे मीटरच्या आसपासचा हा लघुग्रह २००४ मध्ये सापडला. त्या डिसेंबरात १३ एप्रिल २०२९ ला तो आदळण्याची शक्यता चढत चढत २.७ टक्के झाली होती. मग कुणीतरी जुने फोटो पुन्हा चाळले. मार्चमधल्या काही फोटोंत तो आधीच उमटलेला होता, फक्त कुणाच्या लक्षात आला नव्हता. त्या जुन्या ठिपक्यांनी सूत एकदम आखूड केलं आणि २०२९ ची भीती संपली. पुढे २०२१ मध्ये रडारनं त्याचं अंतर इतकं बारकाईनं मोजलं की पुढच्या शंभर वर्षांचाही धोका गेला. २००४ मध्ये ज्याच्याबद्दल शंभरात दोन-तीन अशी भाषा होती, त्याची वेळ आज मिनिटापर्यंत सांगता येते. तो पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ३२ हजार किलोमीटरच्या आतून जाईल, आपल्या दूरसंचार उपग्रहांच्याही खालून, आणि पृथ्वीच्या मोठ्या भागातून नुसत्या डोळ्यांनी दिसेल. तो सर्वांत जवळ असेल तेव्हा आपल्या घड्याळात १४ एप्रिल २०२९ ची, भीमजयंतीची, पहाट असेल. ३ वाजून १६ मिनिटं.